कॅमेऱ्याचं कपाळ

दिवाळीपर्यंत फोटो नीट आले नाहीत, तर सुभेदार लालासाहेबांना साताऱ्याचं घर बंद करून सांगलीला लेकीकडं राहायला जावं लागणार होतं. हा निकाल अमेरिकेतून फोनवर लागला होता आणि त्यावर अपील नव्हतं.

बायको साळूबाई माघात गेल्या. तेव्हापासून लालासाहेब गोडोलीतल्या घरात एकटेच होते आणि आपलं झकास चाललंय असं भेटेल त्याला सांगत होते. मुलगा ऋषिराज तिकडं कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. आईच्या दिवसांना तो येऊन गेला, पण परत गेल्यावर त्याच्या जिवाला स्वस्थता लाभेना. बाप जेवतो का, घराची काय दशा आहे, काही कळायला मार्ग नाही. फोन करावा तर पलीकडून दोनच शब्द येत, "सब ठीक." सगळी नोकरी लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन शाखेत काढलेल्या माणसाकडून तारेवर याहून जास्त मजकूर काढणं कुणालाच जमलं नसतं. म्हणून गणपतीत पुण्याला येणाऱ्या एका मित्राबरोबर ऋषिराजनं एक डिजिटल कॅमेरा पाठवून दिला.

कॅमेरा मुठीत मावण्याएवढा. त्याला फिल्मचा रोल नव्हता, धुवायला टाकायची भानगड नव्हती. पोटात काडेपेटीएवढं, कागदासारखं पातळ एक कार्ड होतं, फोटो त्यावर उमटायचे. ते कार्ड सांगलीला रेश्माकडं जायचं. रेश्मा तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि तिच्या घरी कॉम्प्युटर होता. ती फोटो कॉम्प्युटरवर चढवून टेलिफोनच्या तारेतून भावाला धाडायची. कार्ड सांगलीपर्यंत न्यायचं काम मात्र एस.टी.चं. लालासाहेब शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते कंडक्टरच्या हवाली करत आणि सांगत, "जपून न्या. यात घर हाय आमचं."

पहिले फोटो फर्मास आले. फाटक, स्कूटर, गच्चीवरून दिसणारा अजिंक्यतारा आणि त्याच्यापुढं छाती काढून उभे असलेले शेजारचे नाथाजी. ऋषिराज खूश झाला. म्हणाला, आता घरातले काढा, स्वयंपाकघर बघू दे.

घरातले फोटो दसऱ्यानंतर गेले आणि तिथून सगळं बिघडलं. प्रत्येक फोटोवर धुकं. तेही साधं नव्हे, जरासं तांबूस. खिडकीच्या उजेडाला चंद्राला पडतं तसं खळं. स्वयंपाकघर कोणतं आणि न्हाणीघर कोणतं, हे रेश्माला अंदाजानं ओळखावं लागलं, आणि त्या घरात ती वाढली होती.

तिचा पहिला संशय चटणीवर गेला.

"आबा, कार्डाला तेल लागतंय का?"

"कोरडी चटणी हाय ती. तेल कुठनं येणार?"

"आईच्या चटणीला तेल सुटायचं नाही. तुमच्या चटणीला सुटतं."

लालासाहेबांना हा घाव वर्मी लागला. पुढच्या खेपेला कार्ड एकटंच पाकिटातून गेलं. धुकं तसंच राहिलं आणि चटणी बंद झाल्यामुळं कंडक्टर नाराज झाला.

मग ऋषिराजनं फोनवर तपासणी सुरू केली. मेनू उघडा म्हणाला. क्वालिटीसमोर काय लिहिलंय?

"इकॉनॉमी," लालासाहेबांनी वाचून दाखवलं.

"आबा, ते कुणी केलं?"

"मी केलं. फाइन, नॉर्मल आन् इकॉनॉमी अशी तीन व्हती. आपल्याला चैन कशाला पायजे?"

"फाइन करा. इथं काटकसर करायची नसते."

"कार्डात जागा कमी पडंल."

"पडू दे. चार फोटो कमी काढा, पण फाइन काढा."

फाइन केलं. आता धुकं जास्त स्वच्छ दिसू लागलं, एवढाच फरक पडला.

नाथाजींचं निदान वेगळं होतं. ते लष्करात गाड्या चालवून निवृत्त झालेले. यंत्र कुठलंही असो, आपल्याला त्यातलं कळतं अशी त्यांची समजूत होती आणि गल्लीनं ती आजवर मोडली नव्हती. लालासाहेबांना कॅमेरा धरताना त्यांनी दोन्ही बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाले, "सुभेदार, राग मानू नगासा, पर हात हलतोय तुमचा."

"माझा?"

"वयानं हलतुया. त्यात लाजायचं काय?"

पलटणीच्या गोळीबाराच्या रेंजवर पहिला नेमबाज म्हणून ज्याच्या नावाची पाटी लागायची, त्या माणसाला हे ऐकून घेणं शक्य नव्हतं. लालासाहेबांनी अंगणात सतरंजी टाकली, तिच्यावर पालथे पडले, कोपरं रोवली, श्वास अर्धा सोडून धरला आणि धुण्याच्या दगडावर नेम धरून बटण हलकेच दाबलं. नाथाजी शेजारी उकिडवे बसून "आस्तं, आस्तं" म्हणत होते. नेमकी त्याच वेळेला दूध घालायला रंगूबाई फाटकातून आत आल्या आणि तिथंच थबकल्या.

"आवं सुभेदार, पडलासा का काय?"

"फोटो काढतोय."

"धुन्याच्या दगडाचा?"

"अमेरिकेला पाठवायचा हाय."

रंगूबाईंनी दगडाकडं पाहिलं, नाथाजींकडं पाहिलं आणि दूध पातेल्यात ओतून निघून गेल्या. दगडाचा फोटो कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चिमुकल्या पडद्यावर झकास दिसत होता. सांगलीला मात्र तो धुक्यात बुडालेल्या म्हशीसारखा पोचला.

घात त्या चिमुकल्या पडद्यानं केला. दर वेळी रेश्मा विचारायची, "तुम्हाला तिथं कसा दिसतोय?" आणि लालासाहेब खरं तेच सांगायचे, "लखलखीत." बहीण-भावांनी त्याचा अर्थ लावला. जे आपल्याला धूसर दिसतं ते आबांना लखलखीत वाटतं. म्हणजे दोष कॅमेऱ्यात नाही, आबांच्या डोळ्यांत आहे. मोतीबिंदू वाढलाय आणि माणूस लपवतोय.

"आबा, तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही स्कूटर चालवता," ऋषिराज म्हणाला.

"मला समदं दिसतं."

"गॅस पेटवता. एकटे राहता."

"आरं, माझ्या डोळ्यावर पडदा असला तर तो फोटोत कसा उतरंल?"

"तुम्हाला नीट धरता येत नसेल, जवळ-लांब कळत नसेल. ते काही नाही. दिवाळीच्या आत फोटो सुधारले तर ठीक, नाहीतर तुम्ही ताईकडं. ती डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतेय."

लालासाहेबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत. सांगलीचं त्यांना वावडं नव्हतं. जावई साखर कारखान्यात केमिस्ट, गळीत हंगाम सुरू झाला की तो कारखान्याच्याच वसाहतीत मुक्काम ठोकायचा, म्हणजे घरात अडचण कुणाचीच होणार नव्हती. पण गोडोलीचं हे घर साळूबाईंनी एकटीनं उभं केलं होतं. लालासाहेब तेव्हा आसामात होते. खिडकी कुठं, ओटा किती उंच, पाण्याची टाकी कोणत्या अंगाला, सगळं तिनं ठरवलं आणि त्यांना पत्रातून कळवलं. पुढंही वर्षानुवर्षं ते या घरात सुट्टीवर आल्यासारखेच वागले. तूप कुठल्या डब्यात असतं, पंप किती वेळ चालवला की टाकी भरते, हे त्यांना या वर्षी ठाऊक झालं. आत्ता कुठं घराशी ओळख होत होती, आणि मुलं म्हणत होती, कुलूप लावा.

ते सांगलीला गेले ते कोर्टात उभं राहायला निघाल्यासारखे. इस्त्रीचा सदरा, कडक टोपी आणि पुरावा म्हणून खिशात कॅमेरा.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर साठीचे, बारीक अंगाचे, स्वतः जाड भिंगाचा चष्मा लावणारे. त्यांनी लालासाहेबांना अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. लालासाहेबांनी वरपासून खालपर्यंत तक्ता वाचला. शेवटची ओळ संपली तरी ते थांबले नाहीत. तिच्याही खाली बारीक टायपात छापखान्याचं नाव आणि पत्ता होता, तोही वाचला.

"तो वाचायचा नसतो," डॉक्टर म्हणाले.

"दिसला म्हणून वाचला."

डॉक्टरांनी थेंब घातले, यंत्रातून दोन्ही डोळे पाहिले आणि रेश्माकडं वळले. "उजव्या डोळ्यात थोडी सुरुवात आहे. घाई मुळीच नाही. यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं."

"मग हे काय?" रेश्मानं पर्समधून कॉलेजच्या प्रिंटरवर काढलेले दोन फोटो काढून त्यांच्यापुढं ठेवले.

डॉक्टरांनी ते दिव्याखाली धरले. एकदा चष्मा लावून पाहिले, एकदा काढून. "हे ज्या डोळ्यानं पाहिलंय त्याला मात्र मोतीबिंदू आहे. अगदी पुस्तकात असतो तसा. तो डोळा बरोबर आणलाय का?"

लालासाहेबांनी खिशातून कॅमेरा काढून दिला. मघाशी जिथं लालासाहेबांनी हनुवटी टेकवली होती, तिथं डॉक्टरांनी कॅमेरा टेकवला, दिवा त्याच्या भिंगावर वळवला आणि सवयीनं म्हणाले, "हलू नका."

"हलणार न्हाई," लालासाहेब कॅमेऱ्याच्या वतीनं म्हणाले.

डॉक्टर बराच वेळ यंत्रातून पाहत राहिले. "मधोमध ठिपका आहे. तांबडा. भोवती तेलकट थर, पुसल्याचे ओरखडे. असा पेशंट मी पाहिला नव्हता." त्यांनी मान वर केली. "याला कुणी कुंकू लावलंय का?"

रेश्मा वडिलांकडं पाहू लागली. लालासाहेब भिंतीवरच्या तक्त्यातला छापखान्याचा पत्ता पुन्हा वाचू लागले.

"आबा?"

"खंडेनवमी व्हती," लालासाहेब म्हणाले.

"आपल्याला यंदा सण नाही, आबा."

"सण न्हाईच केला. गोडधोड न्हाई, तोरण न्हाई. पर हत्यारांची पूजा कशी चुकवायची? पलटणीत कवा चुकवली न्हाई. दुखवट्यात आपण हाय, स्कूटर न्हाई." ते डॉक्टरांना रिपोर्ट द्यावा तसं सांगू लागले. "स्कूटर, कोयता, रेडिओ, पंप, मिक्सर. त्या वळीत ह्यो बसवला. समद्यांना कुंकू लावलं. मिक्सरला म्होरं लावता येतं, पंपाला कुठं बी चालतंय. ह्येचं कपाळ कुठलं त्ये मला उमगंना. पाठीला पडदा. डोक्यावर बटणं, तितं कायतरी दाबलं जायाचं. बुडाला लावणं बरं दिसत न्हाई. ऱ्हायलं तोंड."

"तोंडावर झाकण असतं ना त्याच्या?" रेश्मानं विचारलं.

"त्ये काढलं. झाकल्या डोळ्यानं देवाफुडं कसं बसवायचं?"

"आणि पुसलं कशानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"समईच्या फडक्यानं. लय मऊ असतंय."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेवढ्यात खोलीत कुणीतरी हसलं. मोकळं, पोटातून आलेलं हसू. कोण हसतंय हे लालासाहेबांच्या आधी लक्षातच आलं नाही; माघापासून त्यांनी हे हसू ऐकलं नव्हतं. मग पाहिलं, तर रेश्मा भिंतीला टेकून डोळे पुसत होती.

कापसाचा बोळा, चष्मा पुसायचं औषध आणि डॉक्टरांचा हलका हात. बोळा गुलाबी झाला, दुसरा फिका गुलाबी, तिसरा पांढरा निघाला. लालासाहेबांनी तिथल्या तिथं डॉक्टरांचा फोटो काढला. संध्याकाळी तो रेश्माच्या कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा डॉक्टरांच्या नाकावरचा तीळ आणि तिळावरचा केससुद्धा दिसला.

लालासाहेब विजयी मुद्रेनं साताऱ्याला परतले. आता कसर ठेवायची नाही असं ठरवून त्यांनी घराचे फोटो काढले, एकेक खोली, एकेक कोपरा, अधिकाऱ्यापुढं किट मांडावं तसे. चटणीचा डबा पुन्हा सुरू झाला, कंडक्टरचा चेहरा उजळला, कार्ड सांगलीला गेलं. संध्याकाळी रेश्माचा फोन आला.

"आबा, फोटो फार स्वच्छ आलेत."

"मग? सांगत व्हतो मी."

"ओट्यावर ते पांढरं काय आहे?"

"दूध."

"भांड्यात की ओट्यावर?"

"दोन्हीकडं."

"कधीचं?"

लालासाहेबांनी विषय बदलायचा प्रयत्न केला, पण लेकीपुढं फोटो होता. "शेगडीवर काळं काय आहे?"

"पातेलं."

"आबा, ते आईच्या रुखवतातलं पातेलं ना? आणि खिडकीत कप ओळीनं का मांडलेत?"

"रोज एक वापरतो. समदे संपले की एकदम धुतो. पाणी वाचतं."

"आणि आईचं शिवणयंत्र उघडंच आहे. सुईखाली कापड तसंच."

"त्ये ऱ्हाऊ दे."



"राहू दे," रेश्मा म्हणाली.

लालासाहेबांनी ओट्याकडं पाहिलं. हे सगळं रोज डोळ्यांसमोर होतं आणि डोळे शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही होता. धुकं होतं तोवर आपल्यावर नुसता संशय होता. भिंग पुसून आपण आपल्याच विरुद्ध साक्षीदार उभा केला, हे त्यांना आत्ता कळलं.

"ऋषीला पाठवलंस?"

"नाही अजून."

"पाठवणार?"

"शनिवारी येते मी. तोवर कशाला हात लावू नका. पसरेल ते."

शनिवारी रेश्मा पहिल्या गाडीनं आली ती घासण्या, चुना आणि जुने पंचे घेऊनच. दोन दिवस दोघं घर घासत होते. दारात उभे राहून सूचना द्यायचं काम नाथाजींनी अंगावर घेतलं. रंगूबाईंनी पातेलं एकदा हातात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्येच्यात आता तुळस लावा." शिवणयंत्राभोवतीची धूळ रेश्मानं पुसली, यंत्राला हात लावला नाही. रविवारी दुपारी ओटा असा निघाला की त्यात बघितलं तर छत दिसावं.

लालासाहेबांनी कॅमेरा काढला.

"नुसता वटा नगा काढू," नाथाजी म्हणाले. "मानूस घाला त्यात. न्हाईतर भांड्याचं दुकान वाटंल."

रेश्मा पदर खोचलेलाच ठेवून ओट्यापाशी उभी राहिली. लालासाहेबांनी बटण दाबलं. या कॅमेऱ्याची एक खोड होती. बटण दाबल्यावर तो आधी विचार करायचा, मग फोटो काढायचा. रेश्मा हसली, हसून झालं, फोटो निघाला असं वाटून तिनं हात खाली सोडले. त्यानंतर कॅमेऱ्यातून टिक असा आवाज आला.

"आला का?" तिनं विचारलं.

लालासाहेबांनी चिमुकल्या पडद्यावर नजर टाकली. ओटा चकाकत होता, भांडी रांगेत होती. "लखलखीत," ते म्हणाले.

रेश्मा कार्ड घेऊन सांगलीला गेली, फोटो धाडले आणि कार्ड कंडक्टरबरोबर परत पाठवलं. ते साताऱ्याला पोचलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेचा फोन वाजला.

"आबा, घर एकदम छान दिसतंय," ऋषिराज म्हणाला. "ओटा बघून मी थक्क झालो. डॉक्टरांचंही ताईनं कळवलंय. राहा तुम्ही तिथंच. मी पुन्हा काही बोलणार नाही."

"सब ठीक," लालासाहेब म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी इतक्या आनंदानं आजवर कधी उच्चारले नव्हते.

"पण आबा, ताईला काय झालंय?"

"कुठं काय?"

"केवढी वाळलीय ती. फोटो बघा तुम्ही. नीट बघा."

फोन ठेवल्यावर लालासाहेबांनी कार्ड कॅमेऱ्यात घातलं. फोटो मोठा करायचं बटण त्यांनी आजवर ओट्यासाठी आणि पातेल्यासाठी वापरलं होतं. आता त्यांनी ते रेश्माच्या चेहऱ्यावर नेलं आणि दाबत राहिले. गळ्याची हाडं वर आली होती. ब्लाउजची बाही दंडावर सैल झाली होती. डोळे कॅमेऱ्याकडं नव्हते. शिवणयंत्र ज्या खोलीत होतं, त्या दाराकडं होते. दोन दिवस ती याच घरात, त्यांच्या हाताशी वावरली होती, आणि ते पूर्ण वेळ ओटा बघत होते.

त्यांनी सांगलीचा नंबर फिरवला.

"रेश्मा, अमेरिकेचा निकाल आला. घर पास झालं."

"बरं झालं, आबा."

"तू नापास झालीस."

"मी? कशात?"

"फोटोत."

"तो कॅमेरा उशिरा उघडतो, आबा. मी हसले होते."

"व्हय. हसून झाल्याव काय उरलं त्ये आलंय."

लालासाहेबांनी पडद्यावरचा फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग विचारलं, "कॉलेजला सुट्टी लागली?"

"लागली. पण पुस्तकांची मोजणी आहे."

"पुस्तकं हलत न्हाईत. उद्याच्या सकाळच्या गाडीनं ये. सुट्टी हाय तोवर हितंच ऱ्हायचं. ऋषीचा हुकूम हाय आन् माझा बी."

"येऊन काय करू तिथं?"

"काय बी करू नगंस. झोप. आईच्या खोलीत झोप, पायजे तर." ते थांबले. "त्या मशीनवर काय शिवत व्हती ती, मला ठावं न्हाई. तू बघून सांग."

"झबलं असेल," रेश्मा म्हणाली. "शेजारच्यांच्या नातवासाठी. मला म्हणाली होती."

"मग ये आन् पुरं कर. मला सुई ओवता येत न्हाई, डोळे चांगले असून."

दुसऱ्या दिवशी लालासाहेब स्टँडवर निघाले तेव्हा नाथाजी फाटकापाशीच उभे होते. "सुभेदार, कॅमेरा इसरला. पोरगी उतरतानाचा फोटो काढू की."

"ऱ्हाऊ द्या नाथाजी," लालासाहेब स्कूटरला किक मारत म्हणाले. "आज मी बघनार हाय."